पुढच्या ब्रेकची तार

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे, शिकाऊ लोकांची. हुमनाबादच्या एका ड्रायव्हिंग स्कूलच्या मैदानात मी उभी असते. टाकी चेपलेली, आरसे गेलेले, सीटमधून स्पंज बाहेर आलेला. हसू नका हं! निम्म्या तालुक्याचे गुडघे माझ्यावरून पडून फुटले आहेत.

माणिकप्पा सर शिकवत होते, तेव्हा माझे दिवस सुखाचे होते. पहिल्या दिवशी ते मला चालूच करू देत नसत, नुसतं ढकलायला लावत. मग जमिनीवर फक्कीची रेघ मारायची आणि सांगायचं, "हातातला अन् पायातला, दोन्ही ब्रेक संगं दाब. रेघेच्या अल्याड थांब." थांबता येईपर्यंत वेगाचं नाव नाही. पोरं कुरकुरायची, पण शिकायची. संध्याकाळी सर मला स्वतः पुसायचे.

पुढे सरांना दिसेनासं झालं आणि महेशकुमार आले. त्यांचं सगळं झटपट! तीन दिवसांत आठचा आकडा काढता आला, की पोरगं परीक्षेत पास. एकदा एक जण वळणावर पुढचा ब्रेक करकचून दाबून पडला, तर यांनी माझी पुढच्या ब्रेकची तारच काढून टाकली. "त्याला हातच लावायचा न्हाई," म्हणाले आणि मोबाइल बघत बसले.

शिवलीला त्यांच्याकडेच शिकली. ही हळ्ळीखेडची नर्सबाई. वडिलांची मोटारसायकल घेऊन तिला गावोगाव लसी द्यायला जायचं होतं.

"सर, मधीच काही आडवं आलं तर?" तिने विचारलं.

"हॉर्न मारायचा, अक्का. कामून घाबरायलीस?"

ती पास झाली. पंधरा दिवसांनी परत आली, ती डाव्या हाताला प्लास्टर घालून.

"उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, सर. पायातला ब्रेक दाबला तरी गाडी घसरतच गेली. हातातल्याला मी शिवलेच न्हाई. तुम्हीच तसं सांगितलाव."

"पास तर झालीस न्हवं?" महेशकुमार म्हणाले.

शिवलीला माझ्याजवळ आली. तिने उजव्या हाताने माझा ब्रेक दाबला. तो मेल्यासारखा मुठीला टेकला. जुने सर आधी थांबायला शिकवायचे, हे तिला गावात कळलं होतं. ती माणिकप्पा सरांचं घर विचारत निघून गेली. मला बरं वाटलं आणि रडूही आलं, कारण तिने मागे वळून पाहिलं नाही. कशाला पाहील? तिला फसवण्यात मीही होते.

आज सकाळी रेणुका नावाची नवी मुलगी माझ्यावर बसली. केवढी खूश होती! मी आतल्या आत ओरडत राहिले. कोण ऐकणार?

मित्रांनो, शिकवणारा कसा आहे, हे आम्हा गाड्यांना कळतं, पण बोलता येत नाही. तुम्हाला तोंड आहे. चालू करण्याआधी विचारा, "थांबायचं कसं, ते शिकवता का?" उत्तर नाही मिळालं, तर खुशाल माझ्यावरून उतरा आणि घरी जा. मी एकटी पडेन. पडू द्या.