न वाकलेला बोल्ट

मी एक जुना, तुटका बोल्ट आहे. वयाने तसा तरुणच, पण तुटक्याला तरुण कोण म्हणतो? नागपुरात इतवारीच्या भांडीबाजारात, भैयाजींच्या गोदामातल्या टेबलावर मी पडून असतो. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून मला त्यांच्यावर ठेवतात. मित्रांनो, मला पाहून हळहळू नका. माझे फारसे काही गेलेले नाही. जिचे गेले, तिचे सांगतो.

माझा जन्म लुधियानाच्या एका कारखान्यातला. डोक्यावर १०.९ हा आकडा उठवला, लालभडक तापवले आणि तेलात बुडवले. आमच्यात हा आकडा म्हणजे मोठी पदवी. साध्या बोल्टाच्या दुपटीहून जास्त ओढ मी सोसू शकत होतो, आणि त्याचा मला भारी ताठा होता.

या गोदामाच्या छताला एक लोखंडी गर्डर आहे. त्याला दोन बोल्टांनी एक जाड पट्टी आवळलेली असते आणि पट्टीला चेनपुली लटकते. पाणी भरायचे पितळी गुंड, पातेल्यासारखे गंज, डबे अशा भांड्यांची गाठोडी त्या पुलीने माळ्यावर चढतात. खाली उभी राहून गाठोडे बांधायचे, आकड्यात अडकवायचे आणि वर जाताना हाताने सावरायचे, हे काम जिजाबाईचे. ती उमरेडच्या विणकराची मुलगी. लहानपणी मागावर तुटलेला धागा अशी जोडायची की गाठ सापडू नये. माग गेला, पण बोटे तीच राहिली.

माझ्याआधी तिथे दोन साधे बोल्ट होते. ते वाकले. जिजाबाईने मान वर करून पाहिले आणि फिटरला हाक मारली.

"भूपेश, हे बोल्ट वाकून राहिले गा. मी नाही उभी राहत याच्याखाली."

भूपेशने ते काढले. का वाकले, हे त्याला ठाऊक होते.

"भैयाजी, गर्डरले आतून उतार आहे. याले तिरपा वॉशर लागते. बाजारात भेटला नाही, नागपूरबाहेरून मागवा लागते."

"वॉशरसाठी काम बंद ठेवू का? मजबूत बोल्ट आण. मोडेन पण वाकणार नाही, असा पायजे," भैयाजी म्हणाले.

आणि मी आलो. ही म्हण तुम्ही शाळेच्या फळ्यावर वाचली असेल आणि तुमची छातीही फुगली असेल. माझीही फुगली होती. मूर्ख होतो.

बोल्टाचे काम सरळ ओढ सोसण्याचे. त्यासाठी त्याचे डोके नीट टेकावे लागते. जागा उतरती असेल तर एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ, असा तिरपा वॉशर घालून ती सरळ करतात. भूपेशने सपाट वॉशर घातला. माझे डोके एकाच कडेवर टेकले. मग त्याने लांब पाना लावून मला करकचून आवळले आणि माझी मान, डोळ्यांना दिसणार नाही इतकी, मुरडली. माझ्या एका अंगावर सगळा ताण आला आणि दुसरे अंग नुसते बसून राहिले.

साधा बोल्ट अशा वेळी वाकतो, चार लोकांना दिसतो आणि बदलला जातो. त्याला नेभळट म्हणतात, पण त्याच्याखाली कोणी मरत नाही. मी वाकलो नाही. प्रत्येक गाठोड्याबरोबर माझ्या मानेत केसाएवढी चीर पुढे सरकत गेली आणि बाहेरून मी खांबासारखा ताठ दिसत राहिलो. जिजाबाई रोज कामाला लागण्याआधी वर पाहायची.

"सरळ आहे बाप्पा," म्हणायची आणि पदर खोचून खाली उभी राहायची. माझ्यावर तिचा विश्वास होता. त्या विश्वासाने मी खुलायचो, ही गोष्ट सांगताना मला आज लाज वाटते.

आठ महिने गेले. एका मंगळवारी दुपारी गुंडांचे गाठोडे अर्ध्यावर असताना मी तुटलो. एकट्या जोडीदाराला भार पेलला नाही. पट्टी, पुली, गाठोडे, सगळे खाली आले. जिजाबाईचा हात गाठोड्यावरच होता. गाठोडे सुटले नाही, कारण ते तिने बांधले होते.

भैयाजींनी तिला स्वतःच्या गाडीतून धंतोलीच्या दवाखान्यात नेले आणि संध्याकाळपर्यंत तिथल्या पायरीवर बसून राहिले. डॉक्टरांनी उजवा हात मनगटाच्या वरून काढला. भैयाजी दुष्ट नाहीत. दुष्ट असते तर त्यांच्यावर कोणी नजर तरी ठेवली असती.

"बोल्टच खराब निघाला," दुसऱ्या दिवशी ते म्हणाले.

"भैयाजी, तो वॉशर..." भूपेश म्हणू लागला.

"तुटला बोल्ट, अन् तू वॉशर घेऊन बसला! याहून मजबूत आण."

भूपेशने १२.९ चे बोल्ट आणले. ते माझ्याहून ताठ आहेत. खाली पुन्हा सपाट वॉशर घातला. आणि भैयाजींनी मोठ्या मनाने जिजाबाईच्या जागी तिच्या मुलीला, प्रणालीला कामावर घेतले.

"भूपेशदादा, पक्का आहे न हा?" पहिल्या दिवशी तिने विचारले.

"पहिल्यापेक्षा मजबूत आहे वं," भूपेश म्हणाला. तिच्याकडे मात्र त्याने पाहिले नाही. तो खोटे बोलला नव्हता.

मित्रांनो, अशा कथेच्या शेवटी वस्तू म्हणते, मला तेल लावा, मला जपा. मला काही नको. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. भांडीबाजारात या. प्रणालीला हाताला धरून बाजूला ओढा आणि तिच्यासमोर भूपेशला विचारा, तिरपा वॉशर कुठे आहे? तो सांगेल. आजवर त्याला कोणी विचारलेच नाही. पण परीक्षा संपल्यावर येऊ, सुट्टीत येऊ, असे म्हणू नका. मी आठ महिने टिकलो. तिच्या डोक्यावरच्या बोल्टाला आठवा महिना लागला आहे.