साडेसव्वीस इंच

सुताराने टेबलाच्या पायावरची पेन्सिलीची खूण अंगठ्याने पुसली, दीड इंच वर नवी केली आणि तिथे गिरमिट टेकवलं. भुसा गळू लागला तसा तो स्वतःशीच हसला. इतका जीव ओतून काम त्याने कित्येक दिवसांत केलं नव्हतं.

टेबल साहेबांचं होतं. त्याच्या बायकोच्या जुन्या ऑफिसातले साहेब. नऊ वर्षं ती तिथे बुटक्या टेबलावर वाकून कॉम्प्युटरवर टाइप करत राहिली. मान धरली, बोटांना मुंग्या यायला लागल्या. टेबल बदलून मागितलं, तर साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, बाकीच्यांच्या माना कशा दुखत नाहीत? शेवटी तिने नोकरी सोडली. आता साहेबांचीच मान धरली होती, आणि शोधत शोधत ते नेमके याच दुकानात आले होते. हा कुणाचा नवरा, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"उंची कमीजास्त करता आली पाहिजे," ते म्हणाले होते.

सुताराने अदबीने त्यांना खुर्चीत बसवलं, हात काटकोनात धरायला लावला आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावली. साडेसव्वीस इंच.

रचना साधी. पोकळ पायात दुसरा पाय सरकतो. हव्या त्या भोकात बोल्ट घातला की झालं. भोकं इंचाइंचावर पाडायची असतात. याने एक पाडलं पंचविसावर आणि पुढचं थेट अठ्ठाविसावर. बाकी टेबल असं झालं होतं की नावं ठेवायची कुणाची छाती होऊ नये. फक्त खालच्या भोकावर साहेबांची मान वाकणार आणि वरच्या भोकावर खांदे भरून येणार. कुठे चुकतंय हे त्या माणसाला जन्मात कळणार नव्हतं.

दुपारी बायको डबा घेऊन आली. गळ्यात मानेचा पट्टा होताच. त्याने तिला सगळं सांगितलं, अगदी रंगवून. तिने दोन भोकांमधल्या कोऱ्या लाकडावरून बोट फिरवलं.

"त्यांना समजलं तर?"

"सुताराशिवाय कुणाला समजतंय? तुझ्या नऊ वर्षांचं उट्टं काढतोय मी."

ती हसली. मनापासून हसली, त्यालाही बरं वाटलं.

"साहेबांचं कोपर किती म्हणालात?"

"साडेसव्वीस," तो वही न बघता म्हणाला.

"आणि माझं?"

तिचं माप त्याने कधी घेतलंच नव्हतं. नोकरी सोडल्यापासून चार वर्षं ती घरी टायपिंगची कामं घेत होती. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, भांडी बाजूला सारून, उभ्याउभ्याच. रोज संध्याकाळी तो तिथेच येऊन चहा मागायचा. त्याला लाज वाटली, आणि ती लपवायला त्याने घाईघाईने टेप ओढली.

"बस इथे. आत्ता घेतो माप."

"राहू द्या," डब्याचं झाकण काढत ती म्हणाली. "जेवून घ्या पटकन. माझी अजून वीस पानं राहिलीत."