सात सेंटीमीटरचा फोन

सकाळी साडेनऊला पडद्यांच्या दुकानाची नवी वेबसाइट फोनवर उघडली आणि ‘फोन करा’ हे बटण चित्राच्या मागे गेलं.

अकराला नाट्यगृहाच्या व्यवस्थापक बाई ती पाहणार होत्या, त्याही फोनवरच. रंगमंचाच्या मोठ्या पडद्याचं काम त्यांना कुणाला तरी द्यायचं होतं, आणि जिथे एका बोटात फोन लागत नाही तिथे त्या दुसऱ्यांदा फिरकत नाहीत, अशी त्यांची ख्याती.

वेबसाइट वहिनीने बांधली होती, संध्याकाळच्या वर्गात जेमतेम महिनाभर शिकून. कापायच्या टेबलाशी नणंद कात्री धरून उभी होती.

“काय हो वहिनी, पडदेवाल्यांचं बटणसुद्धा पडद्याआड?”

“वन्सं, जखमेवर मीठ चोळू नका. नियम लिहिलाय मी.”

नियम साधा होता: स्क्रीन अरुंद असेल तर बटण चित्राच्या खाली, पूर्ण रुंदीचं. अशा नियमाला वर्गात मीडिया क्वेरी म्हणत. संगणकावर तिने पान आक्रसत नेलं, तसं बटण शहाण्यासारखं खाली उतरलं. फोनवर मात्र ये रे माझ्या मागल्या.

“अरुंद म्हणजे किती?” नणंदेने विचारलं.

“सात सेंटीमीटर. टेप लावून मोजलाय फोन.”

मोजल्याशिवाय या दुकानात कात्री चालत नसे. नणंदेला यात काही वावगं दिसलं नाही. वहिनीला दिसलं, पण उशिरा. वर्गातलं सरावाचं एक पान स्क्रीनची रुंदी सांगत असे. ते तिने फोनवर उघडलं. आकडा आला तीनशे साठ पिक्सेल. मग सात सेंटीमीटरचे पिक्सेल काढले. दोनशे पासष्ट.

“म्हणजे हा टीचभर फोन स्वतःला माझ्या मापापेक्षा रुंद समजतो!”

“मूर्ती लहान, कीर्ती महान,” नणंद म्हणाली.

वहिनीने गळ्यातला टेप काढून खुंटीला अडकवला आणि नियमात सहाशे पिक्सेल लिहिले. फोनवर बटण खाली आलं. त्याच्यासोबत मेनूचं बटण फुगलं, चित्र बंद करायची फुलीही फुगली. पानभर नुसती बटणंच.

“एकाला जेवायला बोलावलं, अख्खं वऱ्हाड आलं!” नणंद हसून हसून टेबलावर वाकली.

चूक सिलेक्टरची होती. नियम कुणासाठी, या जागी वहिनीने नुसतं ‘बटण’ लिहिलं होतं. मग सगळीच बटणं तो नियम आपला समजून धावली. तिने त्या एका बटणाला वेगळं नाव दिलं, नियमात तेच लिहिलं आणि श्वास रोखून पान उघडलं. बाकीची मुकाट जागेवर गेली.

नणंदेने बटण दाबलं. दुकानातला फोन खणखणला. वहिनीने उचलला.

“पडदेवाल्या बाई आहेत का घरात?”

“आहेत, पण नाचतायत,” वहिनी म्हणाली, आणि खरंच एक गिरकी घेतली.

अकरा वाजून गेल्यावर फोन पुन्हा वाजला.

“वन्सं, पुरे आता!” ती फोनमध्ये ओरडली. नणंदेच्या दोन्ही हातांत कापड होतं.

“मी नाट्यगृहातून बोलतेय,” पलीकडून आवाज आला. “बटण लागलं हो तुमचं. दुपारी माप घ्यायला या. अजून एका दुकानाचा माणूसही येतोय. दोघांचे दर पाहूनच ठरवेन.”

वहिनीने खुंटीवरचा टेप पुन्हा गळ्यात घातला. दोघी बारालाच निघाल्या. काम कुणाला मिळालं ते अजून कळलेलं नाही.