गंगम्माची हजेरी

गंगम्मा पहाटे गेली, आणि साहेबांची जीप वेशीत दिसल्याबरोबर ती गेलेली नाही असं ठरलं.

म्हाताऱ्यांचं जेवणाचं केंद्र चालवणाऱ्या रुद्राणीनं तिच्या गळ्यातला हार काढून पिठाच्या डब्यात टाकला. बाकी काही हलवायची गरज नव्हती. लिंगायतांत मेलेल्याला पुरतात ते बसवूनच. त्यामुळे न्हाऊ घालून, कपाळभर विभूती लावून गंगम्मा केंद्राच्या भिंतीशी केव्हाच तयार बसली होती. तयार नव्हता तो खड्डा. दोन वर्षं पाऊस नव्हता. पहार मारली की जमिनीऐवजी पहारच वाकायची.

तरणी माणसं ऊसतोडीला गेलेली. मागं उरलेल्या, गंगम्मा धरून वीस म्हाताऱ्यांना रुद्राणी दुपारची भाकरी-वरण घालायची, आणि बहुतेकांचं दिवसाचं जेवण तेवढंच. जिल्हा नवा झाला, अनुदान अडकलं. नव्या साहेबांचा नियम एकच होता : वीस डोकी भरली तर अनुदान, एक कमी झालं की केंद्राला कुलूप.

साहेब पंगतीवरून बोट फिरवत आले नि गंगम्मापाशी थांबले.

"या आजी जेवत नाहीत?"

"सोमवार हाय, साहेब," रुद्राणी म्हणाली. "कडक उपास."

"बोलतही नाहीत."

"मौन बी हाय," शेजारचा मडिवाळप्पा भाकरी कुस्करत म्हणाला. "आधी लई बोलायची. आता जरा बरं वाटून राहिलंय."

साहेबांनी गंगम्माला हात जोडले. "ही खरी शिस्त. बाकीच्यांनी अंगभर वरण सांडलंय."

अनुदान चालू झालं. जीपमध्ये चढता चढता साहेब म्हणाले, "दर महिन्याला येईन. हेच वीस चेहरे पाहिजेत. बदली माणूस चालणार नाही."

धुरळा खाली बसेपर्यंत कुणी घास उचलला नाही. मग मडिवाळप्पानं ताट सारलं, गंगम्माला खेटून भिंतीला पाठ लावली आणि डोळे मिटले.

"काका, काय करून राहिले?"

"सवय करून ठेवतो. म्हैना लई लांब हाय, बाई."

त्याच्यामागून आणखी दोघं भिंतीकडं सरकले. बाहेर पहारीचा आवाज थांबला. खड्डा झाला की कुणी थांबवला, हे बघायला रुद्राणी उठली नाही. तिनं कागद घेतला. 'प्रति' लिहून पुढची जागा कोरी सोडली आणि खाली लिहिलं :

'सदर केंद्रातील सर्व लाभार्थींना, कालच्या तारखेपासून पाऊस पडेपर्यंत, मयत होण्यास मनाई करण्यात यावी, ही नम्र विनंती.'