सुशांतच्या कानात काय होतं

धोंडू मृदंगवाल्याला चौकशा करायची भारी खोड. आचऱ्यात कोणाची नवी मोटरसायकल आली तरी हा माणूस वाकून तिच्या पोटाखाली बघणार आणि मालकाला प्रश्न विचारून विचारून पिडणार. दशावतारी नाटकात मृदंग वाजवण्यात त्याचं आयुष्य गेलं, पण ज्या ड्रमवर त्याच्या मुलाचं, सुशांतचं, पोट चालतं, तो ड्रम त्याने समोर बसून कधी ऐकला नव्हता. सुशांतचा मुंबईचा बँड मालवणात वाजवायला येतोय म्हटल्यावर धोंडूला दम कसला निघतोय! बायकोला, यशोदाला, घेऊन तो उन्हं उतरायच्या आतच मैदानावर हजर झाला.

सुशांत फाटकावर वाट बघत होता. त्याने आधी बाहेर पडायच्या वाटा दाखवल्या. गर्दीत चुकामूक झालीच तर पाण्याच्या टाकीपाशी भेटायचं, असं बजावलं आणि मग खुर्च्यांकडे नेलं. कुठे? तर पार मागे, आवाजाची बटणं फिरवणाऱ्या माणसाच्या शेजारी!

"हंय?" धोंडूला वाटलं, पोरगा थट्टा करतोय.

"हंयच बरां ऐकाक येता, बाबा. फुडे स्पीकराकडे जाव नकात." असं म्हणून सुशांतने दोघांच्या हातावर स्पंजाचे पिवळे बोळे ठेवले. "आणि ह्ये कानात घाला. पिळून बारीक करायचे आणि आत सारायचे."

आता तुम्हीच सांगा. आमच्याकडे नाटकाला वाजवणाऱ्याच्या घरचं माणूस आलं तर त्याला मानाने पुढे बसवतात. मागे कोण बसतं? ज्याला मध्येच उठून भजी खायला जायचं असतं तो. आणि वर कानात बोळे! धोंडूच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या.

"झील वाजवतलो आणि बापूस कान बुजवन ऐकतलो? वा रे वा!"

सुशांत काही सांगणार, तोच त्याला स्टेजवरून हाक आली आणि तो धावला. यशोदाने मुकाट्याने आपले बोळे कानात घातले. "तुमी जावा फुडे," ती म्हणाली. "माका मान नको, माका माझे कान होये."

धोंडूने आपले बोळे खिशात कोंबले आणि तरातरा चालत अगदी पुढे गेला. घराएवढ्या उंच स्पीकरसमोर एक मोकळी खुर्ची होती. इतकी चांगली जागा मोकळी कशी, हा एक प्रश्न मात्र त्या चौकस माणसाला पडला नाही.

पहिला ठोका पडला तो थेट छातीत. धोंडू हरखून गेला. पोराचा हात काय तयार झाला होता! कुठे थांबावं, कुठे सोडावं, सगळं नेमकं. मग त्याची नजर सुशांतच्या कानांवर गेली. कानात काहीतरी होतं. झालं, धोंडूच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. काय असेल ते? मोबाइलचं यंत्र? वाजवताना हा दुसऱ्याच कोणाचं गाणं ऐकतोय की काय? की आपलंच वाजवणं त्याला नकोसं झालंय? धोंडू डावीकडे कलला, उजवीकडे कलला, शेवटी खुर्ची सोडून उभाच राहिला. मागची माणसं ओरडली. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घातलेली एक मुलगी येऊन त्याला स्पीकरपासून लांब व्हायला खुणावू लागली.

"ड्रमवाल्याचो बापूस मी!" धोंडू छाती फुगवून गरजला. त्या दणदणाटात त्याचं बोलणं त्याला स्वतःलाही ऐकू आलं नाही. तो शेवटपर्यंत तिथेच बसला.

कार्यक्रम संपला तेव्हा कुठेतरी बारीक शिटी वाजत होती. कोण मेला शिट्या मारतो, म्हणून धोंडू चारी बाजूंना बघत राहिला. यशोदा त्याला शोधत आली. तिचे ओठ हलत होते, पण आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा लागत होता. धोंडूने दोन्ही कानांवर तळवे दाबले. शिटी तशीच.

त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. उद्या धामापुरात नाटक. पेटीच्या सुराला मृदंग लावायचा तो कानाने, आणि कानात हे असलं! सूर चुकला तर राजा बनून आलेला नट गाणार कसा? उभ्या आयुष्यात धोंडूचा मृदंग बेसूर लागला नव्हता. बा देवा म्हाराजा, तो मनात म्हणाला, हात ने, पाय ने, पण कान ठेव.

टाकीपाशी सुशांत दिसताच त्याने त्याचा दंडच धरला. "ही शिटी किती येळ रवतली रे?"

सुशांतने बापाच्या खिशातून डोकावणारे पिवळे बोळे बघितले. "घातलात नाय ना?"

"तू काय घातलं हुतंस?"

"तेच. फक्त माझ्या मापाचे करून घेतलेले. आवाज बंद नाय करत, कमी करतत. सगळा ऐकाक येता, बाबा. तुमच्यासमोर कान बुजवन वाजवीन मी?"

धोंडूने खिशातले बोळे आणखी आत सारले. सुशांत त्याच्या कानाजवळ येऊन हळू म्हणाला, "भिया नकात. तुमची शिटी बहुतेक सकाळपर्यंत जायत. माझी गेली नाय."

"तुझी?"

"डाव्या कानात. रातदिस. सुरवातीक मी पण काय घालूचंय नाय. तुमच्यासारख्याच वाटायचा, वाजवणाऱ्यान कान कित्याक बुजवचे? डाक्टर म्हणता, गेला ता गेला, आसा ता सांभाळ."

"आणि माका सांगलंस नाय?"

"तुमका? सूर चुकलो तर जेवणावरसून उठणाऱ्या माणसाक?"

तिघं घरी पोचेपर्यंत धोंडूने एक प्रश्न म्हणून विचारला नाही.

सकाळी त्याला कावळ्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला. शिटी गेली होती. खरं तर त्याने नाचायला हवं होतं, पण आनंद कसला तो झालाच नाही. सूर मिळवायला घरी ठेवलेली जुनी पेटी त्याने ओसरीवर आणली आणि सुशांतला समोर बसवलं.

"तुझ्या शिटयेचो सूर खयचो? माका दाखव."

"कित्याक, बाबा?"

"ऐकाचो आसा माका."

धोंडूने भाता मारला आणि एक पट्टी दाबली. सुशांतने मान हलवली. "वर." पुढची दाबली. "आणखी वर." बोट सरकत सरकत उजवीकडच्या अगदी शेवटच्या पट्टीवर गेलं. पेटी किंचाळल्यासारखी वाजू लागली. आतून यशोदा ओरडली, "बंद करा ता आधी, डोक्या उठला!"

"हो सूर?" धोंडूने विचारलं.

"अजून वर, बाबा."

पुढे पट्टीच नव्हती. धोंडू तीच दाबून भाता मारत राहिला. त्याचे डोळे भरून आले, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटी त्याच्याने ऐकवेना. त्याने भाता सोडला आणि ओसरीवर सगळं शांत झालं. मग त्याच्या ध्यानात आलं, शांत झालं ते त्याच्या एकट्यापुरतंच.