दोन बोटांचा उतार

मित्रांनो, मी एक जुनी पाणसळ आहे, आणि मी एकदा खोटं बोलले आहे. तेही अशा घरात, जिथे माझ्या शब्दावर डोळे मिटून विश्वास होता.

माझं अंग सागवानी, कडांना पितळ. पोटात काचेची नळी, नळीत हिरवं पाणी आणि एक बुडबुडा. जमीन सपाट असली की तो दोन रेघांच्या मधोमध थांबतो, नसली तर उंच बाजूला पळतो. एवढंच माझं शिक्षण.

मिस्त्रींनी मला घेतलं तेव्हा त्यांना धड मिसरूडही फुटलं नव्हतं. आमचं काम फरशी बसवण्याच्या आधीचं. कोबा घालणारे घालून जातात, टेंगळं आणि खळगे आमच्या वाट्याला येतात. मिस्त्री लांब पट्टीवर मला ठेवून खोलीभर फिरवायचे आणि उंचवट्यांवर खडूने फुल्या मारायचे. फुली आली की छिन्नी. मग धूळ झाडायची, कोबा भिजवायचा, सिमेंटचा पातळ घोळ फासायचा आणि खळग्यांत माल भरून पट्टीने ओढून घ्यायचा. दर वेळी ते मला एकदा ठेवत, मग उचलून उलट्या तोंडाने पुन्हा ठेवत. दोन्ही वेळा बुडबुडा मधोमध आला तरच काम पुढे. त्यांच्या फरशीवर गोटी ठेवली तर जागची हलत नसे. लोक खरोखर ठेवून बघत, आणि मी उगाच फुगत असे.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र ओबडधोबड कोबाच होता. बायको चिडवायची, "साऱ्या गावाच्या जमिनी सरळ केल्यात, आमच्याकडे तेवढे डोंगर राहू द्या." मिस्त्री हसायचे आणि म्हणायचे, "हे हातातलं काम उरकलं की आपलंच."

मग तिला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि घरात चाकांची खुर्ची आली. डाव्या हाताने चाक ढकलत, डावा पाय टेकत ती खुर्ची हलवायची, पण चाकं खळग्यात अडकायची. तिचं मागणं एवढंसं होतं. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत आपल्या आपण जायचं, आपला चहा आपण करायचा आणि परत यायचं.

तिला चार दिवस बहिणीकडे ठेवून मिस्त्रींनी काम काढलं. तिसऱ्या दिवशी मी खिडकीच्या कट्ट्यावरून घसरले आणि छिन्नीवर आपटले. बाहेरून ओरखडाही नव्हता. आतली नळी मात्र केसभर सरकली होती. मिस्त्रींनी मला उचललं, पुसलं आणि पट्टीवर ठेवलं. बुडबुडा मधोमध होता. कालवलेला माल घट्ट होत चालला होता, उद्या ती यायची होती. त्या दिवशी त्यांनी मला उलटून पाहिलं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला तोंड नाही.

खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत दोन बोटांचा उतार पडला. डोळ्यांना तो दिसत नव्हता. वरून चकचकीत फरशी बसली. ती आली, खुर्ची आपसूक स्वयंपाकघराकडे सरकली, आणि तिने डाव्या हाताने चाक घट्ट धरलं.

"कशी झालीय?" मिस्त्रींनी विचारलं.

"आरशासारखी," ती म्हणाली.

त्यानंतर रोज मिस्त्री कामावर गेले की ती स्वयंपाकघरात जायची. जाणं सोपं होतं. परतीचा चढ मात्र तिला एका हाताने चढवत नव्हता. पाठ अवघडली तरी ती संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहायची. मिस्त्रींनी विचारलं तर म्हणायची, "मला इथंच बरं वाटतं. खिडकीतून रस्ता दिसतो." इतके दिवस बाहेरच्या कामांत माझी चूक कशी सापडली नाही, विचाराल. त्यांनी त्यानंतर मोठी कामं घेतलीच नव्हती, भिंतींची डागडुजीच करत होते.

पुढे एका दुकानाच्या जमिनीचं काम आलं. मिस्त्रींनी मला सवयीने उलटून ठेवलं आणि बुडबुडा पळाला. ते खाली बसले. मग मला पिशवीत घालून भर दुपारी घरी आले.

ती स्वयंपाकघरात होती. त्यांनी तिला उचलून पलंगावर निजवलं आणि स्वतः स्वयंपाकघरात राहिलेल्या खुर्चीत जाऊन बसले. डाव्या हाताने, डाव्या पायाने ते पलंगाकडे यायला निघाले. अर्ध्यात दम लागला.

"बोलली का नाहीस?"

"तुमच्या हातची फरशी. तिला वाकडी म्हणायला जीभ रेटेना."

मिस्त्री तोंडावर हात घेऊन रडले. मला ते बघवत नव्हतं.

त्यांनी सगळी फरशी उखडली आणि नवी पाणसळ आणली. काम संपायला दोन दिवस असताना तिला दुसरा झटका आला आणि डावा हातही गेला. आता जमीन अगदी सपाट आहे. खुर्ची ठेवावी तिथेच राहते.

मित्रांनो, हातून एखादी वस्तू पडली तर वरचं पितळ शाबूत बघून समाधान मानू नका, आत काय हललं ते तपासा. आणि घरातलं कुणी 'मला इथंच बरं आहे' म्हणालं, तर एकदा त्याच्या जागी बसून बघा. माझ्या मिस्त्रींना त्या खुर्चीत बसायला सात महिने लागले.