लिडिया मावशीची गढूळ वाईन

आई गेल्यावर मला लिडिया मावशीनं पुणतांब्याला वाढवलं. मार्चात काळी द्राक्षं उतरली की ती हातानं कुस्करायची आणि साखर घालून बरणीत भरून ठेवायची. नाताळात ती वाईन निघायची. गढूळ, किंचित आंबूस, तळाशी गाळ.

सहा वर्षांपूर्वी मी हॉटेल मॅनेजमेंट शिकत होतो. नाताळला पुण्याचे दोन मित्र घरी आणले. मावशीनं हौसेनं पेले भरून दिले. मित्रांनी एकमेकांकडं पाहिलं. मी हसत म्हणालो की ही खराब झालीय, पिऊ नका. तिन्ही पेले मी तिच्यादेखत मोरीत ओतले. तिनं रिकामे पेले विसळून ठेवले. पुढच्या वर्षीपासून तिनं वाईन करणं सोडलं. मीही कधी विचारलं नाही.

आता मी पुण्यात एका फ्रेंच रेस्टॉरंटात वाईन वाढतो. यंदा मालकांनी फ्रान्सहून गामे जातीच्या काळ्या द्राक्षांची लाल वाईन मागवली. तीही गढूळच, आणि तळाशी गाळ. पहिला घोट घेतला आणि मावशीचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढं आलं. गिऱ्हाइकं बिचकायची. मग मी समजावायचो की हा दोष नाही, नैसर्गिक वाईन अशीच असते, मुद्दामच गाळत नाहीत. रोज हे बोलताना कान तापायचे.

नाताळला एक बाटली घेऊन घरी गेलो. मावशीनं घोट घेतला, जिभेवर घोळवला.

"आपल्यावानीच लागती," ती म्हणाली. "साखर तेवढी न्हाई."

मी सगळं सांगितलं. तिची वाईन खराब नव्हतीच, मलाच अक्कल नव्हती, म्हणून माफी मागितली.

तिनं पेला खाली ठेवला. "वाईनीचं काय न्हाई रे जस्टिन. बिघडली असंल, असंच धरून चालले मी. पन त्या पोरांना तू माझी वळख सुदीक करून दिली न्हाईस. जाताना त्यातला एक जन मला म्हनला, बाई, जेवन छान बनवता, किती घरी काम करता?"

मला हे माहीतच नव्हतं. ओळख करून दिली नव्हती, हेही आठवत नव्हतं.

मी पुन्हा माफी मागितली. ती "बरं" म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. तिनं ताट वाढलं, तरी माझी मान वर होईना.